सी भाषेतील कमांड लाइन आर्ग्युमेंट्स : मुंबईतील संगणक-परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

सी भाषेच्या अभ्यासक्रमात कमांड लाइन आर्ग्युमेंट्स हा घटक सामान्यतः अखेरीस येतो. ‘मेन’ या फलनाला ‘आर्ग-सी’ व ‘आर्ग-व्ही’ अशी दोन प्राचले देता येतात, पहिल्यात शब्दांची संख्या व दुसऱ्यात ते शब्द असतात, एवढे सांगून तो संपविला जातो. विद्यार्थ्यांना हा घटक अवघड वाटतो असे नाही. तो निरर्थक वाटतो, आणि ही बाब अधिक गंभीर आहे. तिचे कारण भाषेच्या व्याकरणात नसून इतिहासात आहे. आज्ञावली एकाने लिहावी आणि तिला लागणारी माहिती चालविणाऱ्याने ऐन वेळी पुरवावी, ही विभागणी ज्या यंत्रव्यवस्थेतून निर्माण झाली, ती व्यवस्था आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत फार उशिरा आली.

पत्त्यांचा काळ

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून दक्षिणेकडे कुलाब्याच्या टोकाला गेले की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. होड्या-जाळ्यांची कोळी वस्ती आणि भारतीय संगणकविद्येचे एक आद्य केंद्र अशा रीतीने एकाच किनारपट्टीवर आहेत. या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र 1960 मध्ये कार्यान्वित झाले. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी 40 बिटांचे 2048 शब्द मावत. 1964 मध्ये संस्थेत सीडीसी 3600 हे मोठे यंत्र आले व देशभरातील संशोधक त्याचा उपयोग करू लागले.

या यंत्राला काम देण्याची रीत येथे ध्यानात घेतली पाहिजे. छिद्रित पत्त्यांच्या गठ्ठ्यात प्रथम नियंत्रणाचे पत्ते, मग आज्ञावलीचे व शेवटी विदेचे पत्ते असत. एखादी किंमत बदलावयाची तर मागचा पत्ता बदलून गठ्ठा पुन्हा रांगेत द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. आज्ञावली आणि विदा वेगळ्या होत्या, पण चालविणारा यंत्रासमोर नव्हता. त्याच संस्थेत 1970 च्या दशकात राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्र उभे राहिले. तेथील डेक-10 यंत्रावर अनेकांना टर्मिनलवरून एकाच वेळी काम करता येऊ लागले, तेव्हा ही उणीव दूर झाली.

आज्ञेची ओळ

आज्ञेपुढे शब्द लिहून ते कार्यक्रमास पोहोचविण्याची कल्पना सी भाषेहून जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स येथील सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीवर लुई पुझाँ यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘रनकॉम’ लिहिले. ‘शेल’ हा शब्दही त्यांचाच. बेल प्रयोगशाळेत 1969 पासून युनिक्स व त्यानंतर डेनिस रिची यांची सी भाषा आकारास आली. कर्निगन व रिची यांच्या 1978 च्या ग्रंथात या घटकाचे पहिले उदाहरण ‘एको’ हे आहे : जे शब्द दिले तेच परत छापावयाचे. उदाहरण क्षुल्लक दिसते, परंतु त्यात सर्व काही आहे. शेल ओळीचे तुकडे करते, कार्यक्रमाचे नाव शून्याव्या स्थानी ठेवते आणि पुढील शब्द क्रमाने सुपूर्द करते. प्रत्येक शब्द अक्षरमालाच असतो. 10 लिहिले तरी ती दोन अक्षरे होत, संख्या नव्हे. तिचे रूपांतर करणे आज्ञावलीकाराकडे राहते.

महाराष्ट्रातील वर्ग

महाराष्ट्रात सी भाषा घरोघरी नेण्याचे श्रेय बव्हंशी नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकास द्यावे लागेल. त्यातही हा घटक फाइलची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीद्वारे समजावला आहे, आणि ते उदाहरण योग्यच आहे, कारण कोणत्या फाइलची नक्कल करावयाची हे आज्ञावलीकारास आधी ठाऊक असूच शकत नाही. अडचण पुस्तकात नव्हती, यंत्रात होती. बोरलँडचे 1987 चे टर्बो सी व त्याचे पुढील अवतार महाविद्यालयांत दीर्घकाळ ठाण मांडून राहिले. निळ्या पडद्यावर लिहावयाचे, कंट्रोल व एफ-9 दाबावयाचे. अशा रीतीने चालविल्यास ‘आर्ग-सी’ ची किंमत 1 येते. शब्द देण्याचा पर्याय यादीत होता, पण ओळ कोठेच दिसत नव्हती. शिवाय डॉसमध्ये आज्ञेच्या या शेपटीसाठी 128 बाइटांचीच जागा होती.

विरोधाभास असा की त्याच काळात शहर युनिक्सला अपरिचित नव्हते. बँकांच्या शाखांत युनिक्सवर चालणारी देशी यंत्रे आली होती. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या स्वस्त ‘शेल’ खात्यात पडद्यावर अक्षरेच दिसत. महाविद्यालयात परीक्षेपुरती पाठ केलेली संकल्पना काही विद्यार्थ्यांना घरच्या दूरध्वनीवरून प्रत्यक्ष वापरावयास मिळाली.

लिनक्स आल्यावर या जुन्या दुराव्याचे एक मजेशीर रूप प्रयोगशाळेत दिसते. विद्यार्थी गणकाची आज्ञावली लिहितो व ओळीवर 3, तारका, 4 असे शब्द देतो. डॉसवर हे निमूटपणे चालत असे. लिनक्सवर ‘आर्ग-सी’ 4 येण्याऐवजी भलतीच संख्या येते आणि संकलकाला दोष दिला जातो. वास्तविक ‘मेन’ सुरू होण्यापूर्वीच शेलने तारकेच्या जागी चालू निर्देशिकेतील फाइलींची नावे घातलेली असतात. तारका एकेरी अवतरणचिन्हांत लिहिली की गुणाकार होतो.