रानटी रोपांचें शिल्प

१९२८ सालीं जर्मनींत ‘उरफोर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेचीं मूलरूपें’, या नांवाचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. आंत १२० छायाचित्रें. प्रत्येकांत एखादा कोंब, एखादी कळी, नाहीं तर वेलीचा कुरळा प्रतान. पार्श्वभूमि कोरी. परंतु पाहणाऱ्याला वनस्पति दिसे ती मागाहून. प्रथम दिसे तो एखाद्या प्राचीन मंदिराचा स्तंभ, धर्मगुरूच्या हातांतील वाकडा दंड, किंवा लोहारानें घडविलेली नक्षीदार जाळी. जवळ जाऊन वाचावें तों कळे कीं, दंड म्हणजे नेच्याचें अजून न उलगडलेलें पान, आणि लोखंडी नक्षी म्हणजे भोपळ्याच्या वेलीचे प्रतान!

हीं चित्रें काढणारा कार्ल ब्लॉसफेल्ट साठी ओलांडलेला होता, आणि तो व्यवसायानें छायाचित्रकार नव्हता. १८६५ मध्यें हार्झ पर्वतांतील एका खेड्यांत जन्मलेल्या या मुलानें प्रथम कलात्मक लोखंडी ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत उमेदवारी केली. पुढें बर्लिनमध्यें शिक्षण झालें, आणि मोरिट्स मॉयरर या चित्रकलाशिक्षकाबरोबर त्याला इटलींत काम करण्याची संधि मिळाली. कारागिरांनीं जुन्या नक्षीची नक्कल न करतां ती जेथून आली त्या वनस्पतींकडेच वळावें, असा मॉयररचा आग्रह होता. ब्लॉसफेल्टनें हाच धडा पुढें जन्मभर गिरविला. बर्लिनच्या कलाशाळेंत तो तीस वर्षांहून अधिक काळ जिवंत वनस्पतींवरून शिल्पांकन शिकवीत होता. खरें रोप वर्गांत आणावें तर तें दुपारपर्यंत कोमेजतें. छायाचित्र कोमेजत नाहीं. एवढ्या साध्या गरजेंतून हा सारा संसार उभा राहिला.

लहान वस्तूचें मोठें चित्र काढणें दिसतें तितकें सोपें नाहीं. भिंग वस्तूच्या जसजसें जवळ न्यावें, तसतशी त्याच्या मागची कांच दूर सरकवावी लागते. १५ सेंटिमीटर नाभ्यंतराच्या भिंगानें वस्तूएवढीच प्रतिमा हवी असेल, तर भिंगापासून कांच ३० सेंटिमीटरांवर ठेवावी लागते आणि प्रकाश चौथाईवर येतो. शिवाय कळीची पुढची पाकळी स्पष्ट दिसली कीं मागची धूसर होते. तीहि स्पष्ट हवी तर भिंगाचें छिद्र बारीक करावें लागतें आणि प्रकाश आणखीच घटतो. मग कांच कित्येक मिनिटें उघडी ठेवणें आलें, आणि तेवढ्यांत रोपानें यत्किंचितहि हलूं नये! ब्लॉसफेल्टनें लाकडाचा कॅमेरा स्वतःच बनविला, खिडकींतून येणारा मृदु उजेड वापरला आणि मागें पुठ्ठा उभा केला. दुर्मिळ फुलांचा त्याला सोस नव्हता. रस्त्याच्या कडेचीं, रेल्वेच्या बांधावरचीं रानटी रोपें त्याला पुरत. छापील चित्रांत त्यांतलीं कांहीं तीसपट मोठीं झालीं.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. निसर्गच खरा शिल्पी आहे असें ज्या संग्रहाचें नांव सुचवितें, त्यांतील रोपें जशीं उगवलीं तशीं चित्रांत आलेलीं नाहींत. ब्लॉसफेल्ट नकोशीं पानें छाटी, डहाळी सरळ करी, आणि कांचेवर कुंचलाहि फिरवी. मग हा साक्षीपुरावा कसला? निसर्गांत नक्षी सांपडली कीं नक्षीकारानें ती निसर्गाकडून वदवून घेतली? उत्तर बहुधा त्याच्या वर्गांतच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाला रोग, कीड, वाकलेलें देंठ, सारें हवें. मूर्तिकाराला फक्त रचना हवी. ब्लॉसफेल्ट दुसऱ्या पंथाचा होता, व पुस्तकाचें नांव मात्र पहिल्याच्या ऐटींत ठेवलें गेलें.

वाल्टर बेन्यामिन या टीकाकारानें १९२८ मध्येंच या संग्रहाचें मनापासून स्वागत केलें. काळहि अनुकूल होता. अमेरिकेंत पॉल स्ट्रँडनें १९१६ मध्यें घरांतल्या साध्या वाडग्यांचीं चित्रें इतक्या जवळून काढलीं होतीं कीं, वाडगे नाहींसे होऊन केवळ वळणें उरलीं. १९३० मध्यें एडवर्ड वेस्टननें एक भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेवली, आणि चित्रांत ती पाठ वळवून बसलेल्या पिळदार देहासारखी उमटली. मराठी मनाला दादासाहेब फाळके यांचीहि आठवण व्हावी. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनीं १९१२ च्या सुमारास चित्रफितीवर टिपली होती. त्यांना रोपाची हालचाल हवी होती, ब्लॉसफेल्टला निश्चलता. कुंडीसमोरचा धीर मात्र दोघांचा सारखाच.

ब्लॉसफेल्टनें १९३० मध्यें अध्यापन सोडलें. दुसरा संग्रह १९३२ मध्यें निघाला आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत त्याचा मृत्यु झाला. त्याच्या वर्गांतील छायाचित्रांचा मोठा सांठा आज बर्लिनच्या कलाविद्यापीठापाशीं आहे, आणि त्याच संग्रहांत वनस्पतींवरून ओतलेले कांशाचे नमुनेहि आहेत.