एकोणतीस अंकांचा वारसा

आपला समाज व्यापारउदिमात वाढलेला. दोडामार्गच्या बाजारपेठेत असो वा अन्यत्र, जमाखर्चाचा मेळ बसल्याविना व्यापाऱ्याला स्वस्थता लाभत नाही. मेळ घालण्याचा हा संस्कार आपल्या आगमांतही आहे, याचे स्मरण सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे उचित ठरेल.

अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांचे संख्याप्रमाण सांगताना एका प्रचंड संख्येचे लक्षण दिले आहे. दोनाने ९६ वेळा निःशेष भागता येते, ती ही संख्या. तिचेच दुसरे लक्षण म्हणजे दोनाच्या पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार. दोनाचा वर्ग ४, त्याचा १६, पुढे २५६, ६५५३६ आणि पाचवा ४२९४९६७२९६, सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. पाचव्या वर्गात दोन ही संख्या ३२ वेळा गुणली जाते, सहाव्यात ६४ वेळा; मिळून ९६. गुणाकार येतो तो असा :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

अंकस्थाने बरोबर २९. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, त्या गणतीला आपल्या आचार्यांनी ‘अर्धच्छेद’ म्हटले. राष्ट्रकूटकालीन वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत त्याचे नियमही आढळतात. युरोपात नेपियरचा लॉगरिथमवरील ग्रंथ १६१४ मध्ये प्रसिद्ध झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराची प्राचीनता कळते.

दहाव्या शतकात चामुंडरायांचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसारात पर्याप्त मनुष्यांची हीच संख्या अक्षरांत गुंफली. त्या संकेतात त म्हणजे ६, ल म्हणजे ३, न म्हणजे शून्य. आरंभ एकं स्थानापासून. म्हणून शेवटचे ३३६ हे अंक तेथे त, ल, ल अशा क्रमाने प्रथम येतात. एक परंपरा श्वेतांबर, दुसरी दिगंबर. संख्येत मात्र एका अंकाचाही भेद नाही.

हस्तलिखितांची नक्कल करताना एक अक्षर चुकले तर संख्या बिघडणार. परंतु येथे पडताळा वाचकाच्याच हाती आहे. सर्व अंकांची बेरीज १२७. तिला नवाने भागता बाकी १. दोन सहा वेळा गुणले की ६४ होतात. त्यांचीही बाकी १. शहाण्णव हा सहाचाच पट असल्याने अखेरची बाकीही १ च हवी. मेळ बसला! अंकांची अदलाबदल मात्र या कसोटीत सापडत नाही; त्यासाठी एकापासून ९६ वेळा दुप्पट करीत जावे. पाठशाळेतील मुलांनी हे अवश्य करून पाहावे.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेल्या धवलेचा पहिला मुद्रित खंड डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. ताडपत्रे जपणाऱ्यांचे ऋण मोठेच. पण श्रुताचे रक्षण केवळ पेटीत ठेवून होत नाही. ते पुनःपुन्हा वाचून व पडताळून होते. पुढील पन्नास वर्षांसाठी आपल्या ट्रस्टने हा संकल्प करावा, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!