व्हीएमएस कार्यप्रणालीची यंत्रांतरे : एक ऐतिहासिक विचार

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने लिहिला जातो. अमुक साली अमुक यंत्र निघाले, काही वर्षांनी त्याहून वेगवान यंत्र आले आणि पहिले अडगळीत गेले, अशी ती कथा असते. यंत्रावर चालणाऱ्या कार्यप्रणालीचा, म्हणजे रूढ भाषेत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिचा, इतिहास या क्रमाशी जुळत नाही. यंत्र दहा-पंधरा वर्षांत कालबाह्य होते. परंतु कार्यप्रणालीच्या आधारे उभे राहिलेले व्यवहार तितक्या सहजी मोडता येत नाहीत. म्हणून तीच प्रणाली जुन्या यंत्रावरून उचलून नव्यावर नेऊन बसवावी लागते. भाषांतराच्या धर्तीवर या क्रियेस ‘यंत्रांतर’ म्हणावयास हरकत नसावी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीची व्हीएमएस ही कार्यप्रणाली १९७८ पासून व्हॅक्स, अल्फा, इटानियम आणि एक्स८६ अशा चार यंत्रकुलांवर नांदली आहे. म्हणजे तिची तीन यंत्रांतरे झाली. या तिन्ही प्रसंगी नेमके काय एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

व्हॅक्स-११/७८० हे यंत्र २५ ऑक्टोबर १९७७ रोजी जाहीर झाले आणि पुढील वर्षी व्हीएमएसची पहिली आवृत्ती ग्राहकांच्या हाती पडली. यंत्र आणि प्रणाली यांची घडण एकाच घरात व एकाच वेळी झाली, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. डेव्हिड कटलर, रिचर्ड हस्टवेट व पीटर लिपमन हे प्रणालीचे प्रमुख रचनाकार. प्रणालीस जे हवे ते यंत्राने द्यावे आणि यंत्राने जे दिले त्याचा प्रणालीने पुरेपूर उपयोग करावा, असा हा संसार होता. कर्नेल, एक्झिक्युटिव्ह, सुपरवायझर व युजर असे चार अधिकारस्तर व्हॅक्सच्या प्रोसेसरमध्येच होते. रांगेत नवा घटक घालणे किंवा रांगेतून काढणे यासारखे काम, जे इतरत्र अनेक पायऱ्यांनी करावे लागते, ते येथे एकाच आज्ञेत होई. प्रणालीच्या संहितेचा फार मोठा भाग मॅक्रो-३२ या असेंब्ली भाषेत आणि बराचसा ब्लिस या भाषेत लिहिला गेला. असेंब्ली भाषा म्हणजे यंत्राच्या आज्ञांना दिलेली वाचनीय नावे. एका ओळीस एक आज्ञा, असा तिचा सर्वसाधारण नियम. तेव्हा मॅक्रो-३२ मध्ये लिहिणे म्हणजे व्हॅक्सच्याच बोलीत लिहिणे होय. ही बोली दुसऱ्या कोणत्याही यंत्रास कळण्याचे कारण नव्हते.

नवव्या दशकात थोड्या व साध्या आज्ञांचे प्रोसेसर पुढे आले आणि व्हॅक्ससारखी समृद्ध आज्ञासंचाची यंत्रे वेगात मागे पडू लागली. डिजिटलमध्ये प्रिझम नावाच्या नव्या यंत्राचे काम चालले होते. ते १९८८ साली रद्द झाले, आणि कटलर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेली विंडोज एनटी हा स्वतंत्र विषय आहे. मागे राहिलेल्यांपुढे मात्र कठीण प्रश्न होता. व्हॅक्सवर विसंबलेले ग्राहक टिकवावयाचे, तर व्हीएमएस नव्या यंत्रावर न्यावयास हवी. आणि ती तर व्हॅक्सच्या बोलीत लिहिलेली. संपूर्ण संहिता एखाद्या उच्चस्तरीय भाषेत पुन्हा लिहून काढणे हा एक मार्ग होता. तो घेतला असता तर दशकभराच्या वापरातून घासून-पुसून निघालेले वर्तन हातचे जाण्याचा धोका होता.

जो मार्ग पत्करला गेला तो भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावा असा आहे. असेंब्लीचा मजकूर ही यंत्राची आज्ञावली न मानता ती एक साधी उगमभाषा मानावयाची, आणि फोरट्रान किंवा सी यांना असतो तसा तिच्यासाठीही कंपायलर लिहावयाचा, असे ठरले. अल्फा हा ६४ बिटांचा नवा प्रोसेसर १९९२ साली जाहीर झाला. नॅन्सी क्रोनेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या यंत्रांतराची पहिली आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरात निघाली. व्हॅक्स ही तोवर एक वस्तू होती; त्या दिवसापासून ती एक भाषाही झाली.

परंतु या निर्णयाने एक अनपेक्षित अडचण उभी केली. बोलीभाषेत जे न बोलता गृहीत धरले जाते, ते परभाषेत नेताना सांगावे लागते. मॅक्रोच्या लेखकांनी शेकडो गोष्टी अशाच गृहीत धरल्या होत्या. एखादी उपप्रक्रिया कोणत्या रजिस्टरांतून माहिती घेते, कोणत्यांतून परत देते आणि कोणती जशीच्या तशी राखते, हे क्वचितच नियमाने लिहिलेले असे. फार तर एखाद्या टिपणीत असे, आणि टिपणी खरी असेलच असे नव्हते. काही चतुर लेखक परतीचा पत्ता स्टॅकवरून स्वतःच काढून टाकीत, म्हणजे बोलावणाऱ्याकडे न परतता थेट त्याच्या बोलावणाऱ्याकडे परतता येई. कोणी एका उपप्रक्रियेतून दुसरीच्या मध्यभागी उडी घेई. व्हॅक्सवर हे सारे बिनतक्रार चाले. अल्फाच्या संकेतांत यातील बरेच अशक्य होते, आणि कंपायलरला तर उपप्रक्रिया कोठे सुरू होते हेही सांगितल्यावाचून कळत नव्हते. म्हणून प्रत्येक प्रवेशस्थानी एक घोषणा लिहिणे भाग पडले: येथून प्रवेश होतो, ही रजिस्टरे आत येतात, ही बाहेर जातात, ही राखली जातात. यंत्रांतराचे खरे कष्ट नव्या मजकुराच्या निर्मितीत नव्हते. जुन्या मजकुरातील मौन शोधून ते शब्दांत मांडण्यात होते.

काही मौने इतकी खोल होती की संहिता वाचून ती दिसत नसत. मेमरीतील एका बाइटमध्ये एक मिळवणे हे व्हॅक्सवर एका आज्ञेचे काम. आरंभीच्या अल्फास एकटा बाइट लिहिताच येत नव्हता. आजूबाजूच्या बाइटांसह मोठा तुकडा आणावा, त्यातील एक बदलावा आणि सगळा तुकडा परत ठेवावा, असा तिचा रिवाज. त्यामुळे शेजारच्या बाइटमध्ये दुसरा कोणी त्याच क्षणी लिहीत असेल, तर त्याचे लेखन पुसले जाण्याचा संभव असे. व्हॅक्सच्या मेमरीचे पान ५१२ बाइटांचे, अल्फाचे ८१९२ बाइटांचे; जेथे जेथे ५१२ हा आकडा संहितेत मुरला होता तेथे तेथे तो शोधून काढावा लागला. अंकांचेही तसेच. व्हॅक्सच्या डी-फ्लोट या दशांश-अंकरूपात ५६ बिटांची अचूकता होती. अल्फावर तोच अंक गणितात ५३ बिटांवर येई. तीन बिटांचे हे नुकसान बहुतेकांस जाणवलेही नाही. मात्र दोन यंत्रांची उत्तरे शेवटल्या अंकापर्यंत ताडून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांस ते जाणवल्यावाचून राहणारे नव्हते.

जे भाषेत मावत नव्हते त्याची सोय पालकोड नावाच्या थरात करण्यात आली. हा प्रोसेसर आणि प्रणाली यांच्यामधील छोट्या कार्यक्रमांचा संच होय. चार अधिकारस्तर व रांगांच्या आज्ञा यांसारखी व्हॅक्सची वैशिष्ट्ये यात उतरवली गेली, आणि प्रणालीस आपण परक्या घरी आलो आहोत याची जाणीव कमीत कमी व्हावी अशी व्यवस्था झाली. ज्या ग्राहकांकडे कार्यक्रमांची मूळ संहिताच उरली नव्हती त्यांच्यासाठी वेस्ट हे साधन होते; ते व्हॅक्सचा तयार कार्यक्रम वाचून अल्फाच्या आज्ञांत त्याचे रूपांतर करी. या रूपांतरात जो भाग सापडला नसेल तो चालताना दुभाष्याकरवी एकेक आज्ञा समजावून घेतला जाई.

दुसऱ्या यंत्रांतराविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली. कॉम्पॅकने जून २००१ मध्ये अल्फा सोडून इटानियम स्वीकारण्याचे जाहीर केले, आणि २००२ मध्ये कॉम्पॅकच ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. इटानियमवर व्हीएमएस ३१ जानेवारी २००३ रोजी प्रथम सुरू झाली. प्रत्यक्ष वापरासाठीची आवृत्ती २००५ मध्ये आली. इटानियममध्ये चार अधिकारस्तर होते, हा योगायोग उपकारक ठरला. पालकोड मात्र नव्हता. म्हणून त्याची कामे प्रणालीच्याच एका सॉफ्टवेअर-विभागाकडे सोपवली गेली. व्हॅक्स व अल्फा यांच्या संहिता निरनिराळ्या शाखांत वाढल्या होत्या. या वेळी अल्फा व इटानियम यांसाठी एकच समाईक संहिता ठेवण्यात आली. पहिल्या खेपेस मौने शब्दांत आणली गेल्यामुळेच हे शक्य झाले, असे म्हणणे चुकीचे होणार नाही.

हा खटाटोप कोणासाठी, अशी शंका वाचकास येईल. कारखाने, रुग्णालये, बँका, रोखेबाजार यांचे नित्याचे व्यवहार या प्रणालीवर होते. भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत व्हॅक्स यंत्रांवर सुरू झाले; पुढे मुंबईसह पाच केंद्रे १९९९ मध्ये एकमेकांस जोडली गेली तीही व्हीएमएसच्याच आधारे. तिकीट-खिडकीपुढील रांग यंत्र बदलण्यासाठी वर्षभर थांबवता येत नाही.

ह्यूलेट-पॅकार्डने २०१३ साली नव्या इटानियम यंत्रांवर ही प्रणाली आणणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा तिचा अंत जवळ आला असे अनेकांस वाटले. ३१ जुलै २०१४ रोजी तिच्या पुढील विकासाचा परवाना व्हीएमएस सॉफ्टवेअर या लहान कंपनीस मिळाल्याचे जाहीर झाले. आजचे बहुतेक सर्व्हर ज्या एक्स८६ प्रोसेसरांवर चालतात त्यांवर ती मे २०१९ मध्ये प्रथम सुरू झाली, तीही प्रत्यक्ष यंत्रावर नव्हे तर व्हर्च्युअलबॉक्समधील आभासी यंत्रात, आणि ९.२ ही आवृत्ती जुलै २०२२ मध्ये निघाली. एक्स८६ मध्ये मेमरीच्या संरक्षणापुरते दोनच स्तर उपयोगाचे आहेत. व्हीएमएसला तर चार हवेत. तेव्हा निरनिराळ्या स्तरांस मेमरीचे निरनिराळे नकाशे दाखवून उरलेला भेद सॉफ्टवेअरने निर्माण केला आहे. त्याहून नवलाची गोष्ट रजिस्टरांची. समाईक संहिता अल्फाची ३२ रजिस्टरे गृहीत धरते आणि एक्स८६ मध्ये सर्वसाधारण वापराची १६ आहेत. म्हणून अल्फाची रजिस्टरे मेमरीतच कल्पिली गेली. ज्या प्रोसेसरची निर्मिती केव्हाच बंद पडली, तो अशा रीतीने मेमरीच्या एका कोपऱ्यात नावापुरता नांदतो आहे. व्हॅक्समध्ये जे सिलिकॉनमध्ये होते ते अल्फात पालकोडमध्ये उतरले, इटानियमवर सॉफ्टवेअरमध्ये आले आणि एक्स८६ वर तर यंत्राच्या प्रकृतीविरुद्ध सॉफ्टवेअरने उभे करावे लागले.

यंत्रांतरास एक पर्याय आहे, आणि काहींच्या मते तोच अधिक शहाणपणाचा. बॉब सुपनिक यांच्या पुढाकाराने झालेले सिमएच किंवा कॅरॉन यांसारखे एम्युलेटर आधुनिक सर्व्हरवर संबंध व्हॅक्स उभे करतात. व्हॅक्ससाठीची शेवटची ७.३ ही आवृत्ती २००१ सालची. ती अशा नकली यंत्रावर, अक्षरही न बदलता, आणि पुष्कळदा मूळ यंत्राहून वेगाने चालते. ज्यांची संहिता हरवली, ज्यांचे जाणते लोक निवृत्त झाले, त्यांना हाच मार्ग मोकळा राहतो, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तथापि या मार्गाने गेलेल्या कार्यक्रमाविषयी नवे ज्ञान काहीही मिळत नाही. तो का चालतो हे काल ज्यास ठाऊक नव्हते त्यास आजही ठाऊक होत नाही. पानाचा आकार, बाइट लिहिण्याची रीत, परतीच्या पत्त्याशी केलेला खेळ, सारे जागच्या जागी आणि अबोल राहते. मॅक्रोच्या संहितेत मात्र १९९२ पासून प्रत्येक प्रवेशस्थानी कोणते रजिस्टर आत येते व कोणते बाहेर जाते याची एक ओळ आढळते, आणि इटानियम व एक्स८६ यांचे कंपायलर तीच ओळ वाचतात.