पेण-रोह्याची जुनी बंदरे

मोटारी येण्यापूर्वी आपल्या वाडवडिलांस मुंबईची वाट खाडीनेच ठाऊक होती. पेणचे बंदर भोगावतीकाठचे अंतोरे. रोह्याचे कुंडलिकेवर, अष्टमीच्या समोर. रोह्यास जाणारा मचवा रेवदंडा-कोर्लईच्या मुखातून आत शिरे. तांडेल वाऱ्याइतकीच तिथीही पाही. कारण भरतीच्या पाण्यावर मचवा वर चढे आणि ओहोटी लागताच गाळात बसे. पेणचे मीठ व रोह्याचा तांदूळ मुंबईस जाई. परतताना वाणसामान व चाकरमानी येत. भरतीची वाट पाहता पाहता बंदरावरील मंडळींशी घरोबा जडे. पुढे सडका झाल्या, १९८६ मध्ये लोहमार्ग रोह्यास पोहोचला आणि शिडांचा तो काळ सरला. वडीलधाऱ्यांच्या मुखातील ही हकीकत त्यांच्या हयातीतच टिपून ठेवणे, हे तरुण पिढीचे कर्तव्य होय.