एकसष्टचं ज्येष्ठ मूळ

शके १०७२, इसवी सन ११५०. सह्याद्रीच्या परिसरात तुम्ही भास्कराचार्यांसमोर बसला आहात. त्यांचं वय अवघं छत्तीस, आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ नुकताच पुरा झालेला. तुमच्या मांडीवर पाटी, पाटीवर बारीक धूळ, हातात काडी.

प्रश्न साधा वाटतो. अशी पूर्ण संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल.

तुम्ही आधी शेजारी चाचपता. ६० ला ४ पुरतो: ९६० आणि १, ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतो. तिथे ६३ चा वर्ग येतो. मग ६१ चं उत्तर कितीसं लांब असणार? एक, दोन, तीन करत तुम्ही शंभरी ओलांडता, धूळ पुसता, पुन्हा मांडता. वर्ग येत नाही. या वाटेने बावीस कोटींच्या पुढे चालावं लागेल. जन्म पुरणार नाही.

आचार्य ८ पासून निघतात. ६४ मधून ६१ गेले, उरले ३. हवा होता १, उरले ३; जे उरतं तो क्षेप. आता ८ मध्ये मिळवल्यावर तिनाने भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या जवळ असेल अशी संख्या घ्यायची: ७. आठ नि सात पंधरा, भागिले तीन, पाच. आठ साते छप्पन्न अधिक ६१, ११७, भागिले तीन, ३९. ताळा पाहा: ३९ चा वर्ग १५२१, पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. क्षेप उणे ४. फेऱ्याफेऱ्यांनी चालणाऱ्या या रीतीला चक्रवाल म्हणतात, आणि तिचा एकच फेरा झाला आहे!

इथे ब्रह्मगुप्तांची भावना, म्हणजे दोन जोड्या जोडून नवी घडवण्याची रीत, कामाला येते; तेव्हाही पाचशे वर्षं जुनी. ३९ आणि ५ निम्मे केले की क्षेप उणे १; अपूर्णांक घालवता घालवता हाती २९७१८ आणि ३८०५ येतात, क्षेप अजून उणे १ च. ही जोडी स्वतःशीच जोडली की कनिष्ठ मूळ, म्हणजे शोधत होतो ती संख्या, २२६१५३९८० आणि ज्येष्ठ मूळ, म्हणजे येणाऱ्या वर्गाचं मूळ, १७६६३१९०४९. याहून लहान उत्तर नाही.

या दहा अंकी संख्येवर जरा रेंगाळा. तिच्यातून १ काढून निम्मी करा: २९७१८ चा वर्ग. १ मिळवून १२२ ने भागा: ३८०५ चा वर्ग. आली ती वाट तिने अंगावर जपून ठेवली आहे. मला तिचं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

आता १६५७, फ्रान्स. गणिती फर्मा हाच प्रश्न फ्रेनिकल या दुसऱ्या गणित्याला पत्रातून घालतो, फार त्रास नको म्हणून लहान संख्या दिल्याचं सांगत: ६१ आणि १०९. पहिलीचं उत्तर तुमच्या ओठांवर आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चं कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर मात्र १८१७ मध्ये निघणार आहे. दुसरीसाठी पुन्हा धूळ पसरा. चक्रवाल तिथेही चालतं, आणि ज्येष्ठ मूळ निघतं १५८०७०६७१९८६२४९.