रक्तपरीक्षेवरील सरकारी अंमल

रुग्णाच्या नसेतून काढलेले रक्त प्रयोगशाळेत गेले, की त्याचा एक आकडा होतो, आणि त्या आकड्यावर भिस्त ठेवून वैद्य औषधयोजना ठरवितो. परंतु तो आकडा खरा की खोटा याची शहानिशा करण्याचे साधन ना रुग्णाजवळ असते ना वैद्याजवळ. इतक्या उघड गोष्टीकडे अमेरिकेसारख्या देशाच्या शासनाचेही लक्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावे, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण चुकीचा आकडा बरोबर आकड्याच्याच वेषात वावरतो. त्याच नमुन्यावरचे दुसरे आकडे शेजारी मांडल्याखेरीज त्याचे बिंग फुटत नाही.

ही मांडणी सरकारने नव्हे, वैद्यांनीच प्रथम केली. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील वैद्यांच्या संस्थेने नेमलेल्या प्रयोगशाळा समितीच्या वतीने बेल्क आणि संडरमन यांनी एकसारखेच नमुने निरनिराळ्या रुग्णालयांकडे धाडले आणि ग्लुकोज, युरिया, कॅल्शियम, हिमोग्लोबिन इत्यादींचे प्रमाण कळविण्यास सांगितले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून असे दिसले की, एकाच द्रावणाविषयी आलेल्या उत्तरांत जमीनअस्मानाची तफावत होती, आणि ती आडगावच्या दवाखान्यांपुरती मर्यादित नसून चांगल्या नावलौकिकाच्या रुग्णालयांतही होती. स्वतःच्याच व्यवसायबंधूंची झडती घेऊन तिचा निकाल चव्हाट्यावर मांडणे यास धैर्य लागते. पुढे संडरमन यांनी असे नमुने नियमितपणे पाठविण्याची व्यवस्था उभारली. एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या गृहस्थांना आपल्या उपक्रमाचे कायद्यात झालेले रूपांतर डोळ्यांनी पाहता आले.

आकड्याची रोजची राखण कशी करावी, याची युक्ती मात्र वैद्यकाने कारखान्याकडून घेतली. टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत शेवार्ट यांनी १९२४ साली मालाच्या प्रतीतील चढउतार पारखण्यासाठी जो तक्ता आखला, तोच १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्स यांनी प्रयोगशाळेत आणला. ज्ञात प्रमाणाचा नमुना रोज तपासावा, येणारा आकडा मध्यरेषेच्या वरखाली ठरलेल्या मर्यादेत पडतो की नाही ते पाहावे, आणि मर्यादा ओलांडली गेल्यास रुग्णांचे अहवाल रोखून धरावेत, एवढीच ही पद्धत. पण तिच्यामुळे चूक घडल्यानंतर नव्हे, तर घडत असतानाच पकडण्याची सोय झाली.

सरकारी अंमल आला तो १९६७ च्या कायद्याने, आणि तोही वाकड्या वाटेने. संघराज्याचे सरकार आंतरराज्यीय व्यापाराच्या अधिकाराखाली हात घालू शकत असल्यामुळे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांनाच परवान्याची सक्ती झाली. रक्ताने सरहद्द ओलांडली तर त्याला कायद्याचे संरक्षण, आणि ते गावातल्याच वैद्याच्या कोठीत तपासले गेले तर नाही, असा हा प्रकार होता. अधिकारक्षेत्राच्या नकाशावरून रुग्णाची सुरक्षितता ठरविण्याचा याहून विचित्र नमुना सहसा सापडत नाही.

ही उणीव भरून निघण्यास एक लाजिरवाणे प्रकरण कारणीभूत झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पॅप चाचणीच्या काचपट्ट्या काही ठिकाणी नगावर मोबदला देऊन अफाट वेगाने पाहून घेतल्या जात, आणि त्या घाईत स्त्रियांचे कर्करोग नजरेतून निसटत, ही हकीकत वॉल्टर बॉगडॅनिच यांनी १९८७ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये उघडकीस आणली. त्या लेखनास पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९८८ च्या ऑक्टोबरअखेर नवा कायदाही झाला. एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत शंभराहून अधिक काचपट्ट्या पाहू नयेत, असे बंधन घातले गेले. आणि मुख्य म्हणजे, मानवी नमुना तपासून रोगाविषयी निष्कर्ष देणारी प्रत्येक जागा, मग ती वैद्याची खासगी कोठी का असेना, सरकारी दफ्तरात आली. अगदी साध्या चाचण्यांना तेवढी मुभा राहिली.

परीक्षा आली की परीक्षार्थीची लबाडीही येते. डेप्युटीसाहेब येणार त्या दिवशी शाळेच्या भिंती जशा एकाएकी उजळतात, तसा संडरमन यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेची पारख करण्यासाठी धाडलेला सरकारमान्य परीक्षा-नमुना आला की प्रयोगशाळेतील उत्तम हात त्यावर बसविण्याचा मोह होतो. म्हणून कायद्याने फर्मावले की हा नमुना रुग्णांच्या नमुन्यांप्रमाणेच, रोजच्याच माणसांनी, रोजच्याच रीतीने तपासावा, आणि मुदत संपेपर्यंत दुसऱ्या प्रयोगशाळेशी त्याची वाच्यता करू नये. जाणूनबुजून तो दुसरीकडे तपासावयास धाडल्यास परवानाच जाई. ही शिक्षा गाफीलपणे घडलेल्या चुकीलाही जाचू लागल्याने २०१२ साली तिची धार थोडी बोथट करण्यात आली, ते योग्यच झाले असे मला वाटते.

अहवालाविषयीचे नियम वरकरणी कारकुनी वाटतात: प्रयोगशाळेचे नाव व पत्ता द्यावा, स्वाभाविक प्रमाणाची मर्यादा उपलब्ध असावी, जिवावर बेतणारा आकडा आढळताच वैद्यास ताबडतोब वर्दी द्यावी. त्यातील एक कलम मात्र दफ्तर राखणाऱ्या कोणासही मानवेल असे आहे. अहवाल चुकला असे उमगल्यास संबंधितांना विनाविलंब कळवून दुरुस्त अहवाल द्यावाच लागतो, परंतु चुकलेला अहवाल फाडून टाकता येत नाही. मूळ व दुरुस्त, दोन्हींच्या प्रती दफ्तरी जपून ठेवाव्या लागतात.