दोर कुणाला बांधता येतो?

आपत्ती आली की एक वाक्य पेपरात हमखास येतं: 'मदतीचा ओघ सुरू झाला.' या ओघाचा आपल्या मराठवाड्यातला इतिहास मला आज मांडायचाय. पोस्ट लांब आहे, पण पुढचा पावसाळा दारात यायच्या आत वाचावी ही विनंती.

सुरुवात अर्थातच किल्लारीपासून.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा थर चढवलेलं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि भूकंपात थडगं. ५२ गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली.

त्या पहाटे ढिगारे उपसायला पहिल्यांदा कोण होतं? लष्कर नाही, सरकार नाही, संस्थाही नाहीत. शेजारी होते. ज्यांचं स्वतःचं घर पडलं नव्हतं किंवा जे त्यातून बाहेर पडले होते, तेच हातांनी, टिकावानं, पहारीनं दगड काढत होते. यात काही नवल नाही. जगात कुठलाही मोठा भूकंप घ्या, जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना पहिल्या काही तासांत घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलेलं असतं. बाहेरची पथकं पोचतात तेव्हा त्यांच्या वाट्याला जास्त करून मृतदेहच येतात.

मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो. आमच्या गल्लीतूनही ट्रक गेला. कपडे, भाकरी, बिस्किटं, चादरी. लोकांनी अंगावरचं काढून द्यावं तसं दिलं. त्या देण्याबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. ट्रकवर चढायला पन्नास पोरं तयार होती, आणि मणक्याला मार बसलेल्या माणसाला कसं उचलायचं हे त्यातल्या एकालाही कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. इच्छा भरपूर, हात भरपूर, शिक्षण शून्य. हा काही त्या पोरांचा दोष नव्हता. शिकवायची सोयच नव्हती.

सोय नव्हती म्हणजे कागदावर होती बरं का. होमगार्ड मुंबई प्रांतात १९४६ सालीच सुरू झालं. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर १९६८ मध्ये नागरी संरक्षणाचा कायदा आला. १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे आपली एनएसएस सुरू झाली. पण नागरी संरक्षणाचं सगळं लक्ष विमानहल्ला, भोंगा आणि ब्लॅकआउटवर. नैसर्गिक आपत्तीचं काम त्या कायद्यात यायला २००९ ची दुरुस्ती उजाडावी लागली. एनएसएस म्हणजे श्रमदान, वृक्षारोपण, गावात सात दिवसांचं शिबिर. चांगलीच कामं, पण ढिगाऱ्याशी त्यांचा संबंध नव्हता. पानशेत १९६१ मध्ये फुटलं, कोयनेचा भूकंप १९६७ मध्ये झाला. दोन्हींनंतर हळहळ झाली, चौकशी झाली. सामान्य माणसाला तयार करायचं मात्र राहून गेलं.

किल्लारीनं हे थोडं बदललं, आणि बदल आला तो अनपेक्षित बाजूनं.

जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. नवी गावठाणं झाली, त्यावर खूप लिहिलं गेलंय. पण ज्यांची घरं पूर्ण पडली नव्हती, फक्त खिळखिळी झाली होती, अशी शेकडो गावं होती. सरकार पैसे देणार, दुरुस्ती मालकानं करायची. आता त्या मालकाला कोण सांगणार की भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे दगड बसव, माळवदावरची माती कमी कर, वरून पट्टा बांधून चारी भिंती एकमेकींना जखड? इंजिनिअरची भाषा गावाला कळेना, गावाची अडचण इंजिनिअरला.

इथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना पुढे केलं. त्यांना नाव मिळालं 'संवाद सहाय्यक'. काल ज्यांना पंचनाम्याला आलेला साहेब घरातल्या पुरुषाला बोलवा म्हणायचा, त्या बायका बांधकाम नीट चाललंय का बघू लागल्या, हप्ता का अडकला ते विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका कच्छला गेल्या. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत पोचल्या. भाषा येत नव्हती, पण ढिगाऱ्यासमोर बसलेल्या बाईशी बोलायला त्यांना दुभाष्या फारसा लागला नसावा असं मला वाटतं.

माझ्या मते मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे. पीडित माणूस शिक्षक झाला. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळही नाही.

पुढचा टप्पा कायद्याचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणं, केंद्राचं एनडीआरएफ, नंतर राज्याचं एसडीआरएफ. विद्यापीठांच्या पातळीवर राज्यपालांच्या पुढाकारानं एनएसएसच्या पोरांसाठी 'आव्हान' शिबिरं सुरू झाली. तिथे एनडीआरएफचे जवान पोरांना दोर, शिडी, स्ट्रेचर शिकवतात. ज्यांनी हे शिबिर केलंय त्यांना विचारा, दहा दिवसांत पोरगं बदलून येतं.

मग आली 'आपदा मित्र' योजना. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवक. २०२१ पासून ती वाढवून ३५० जिल्हे आणि १ लाख स्वयंसेवक. बारा दिवसांचं प्रशिक्षण, एक किट, विमा. गणित करून बघा. जिल्ह्यामागे सरासरी २८५ माणसं. हीच सरासरी आपल्या जिल्ह्याला लावली, तर २०११ च्या जनगणनेतल्या ३७ लाख लोकसंख्येत तेरा हजारांमागे एक. म्हणजे चार-पाच गावांत मिळून एक जण. तो नेमका त्या रात्री गावात असेल तर!

कुणी म्हणेल, एवढं शिकवायचं काय त्यात? माणुसकी असली की झालं. नाही होत. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. चार-सहा मिनिटं गेली की मेंदूला इजा व्हायला लागते. बुडणाऱ्याला वाचवताना आधी काठी द्यायची, नाही पोचली तर दोर फेकायचा, मग होडी, आणि पाण्यात उडी अगदी शेवटी. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी उडी. म्हणून एकाला वाचवताना दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

८ ऑगस्ट २०१९ आठवा. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत गर्दी होती. बायका-मुलांसह डझनाहून जास्त माणसं गेली, आणि तीही सुटकेच्या वाटेवर असताना. बोट असणं आणि बोटीत किती माणसं बसवायची, लाइफ जॅकेटशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही हे ठणकावून सांगणारा प्रशिक्षित माणूस असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या शहराकडे या. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला कारखान्याला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ ला छावणीत खाली कपड्याच्या दुकानाला आग लागली, वरच्या मजल्यावरचं सात जणांचं कुटुंब धुरानं गुदमरून गेलं. धुरात खाली वाकून सरपटत जायचं, दारं उघडण्याआधी हातानं तापमान बघायचं, दुसरी वाट आधीच ठरवून ठेवायची, हे शिकवायला किती खर्च येतो? खाली दुकान आणि वर घर, अशा किती इमारती आपल्या जुन्या शहरात आहेत ते मोजून बघा.

आणि पैठण. १९७६ पासून नाथसागर उशाशी घेऊन झोपणारं गाव. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी जायकवाडीतून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं, नदीकाठची कुटुंबं रातोरात हलवली. त्याच महिन्यात धाराशिवच्या परंड्यात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. एनडीआरएफचा तळ पुण्याजवळ सुदुंबरे इथे. एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. धुळ्याहून यायचा रस्ता कन्नड घाटातला, आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला त्याच घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. म्हणजे ज्या रात्री मदत सगळ्यात जास्त लागणार, नेमकी त्याच रात्री ती अडकू शकते. तोवरचे पाच-सहा तास आपले आपणच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे.

एक, शिकलेली माणसं विसरतात. बारा दिवसांचं प्रशिक्षण दोन वर्षं न वापरता राहिलं की गाठ सुटते, शब्दशः. दरवर्षी मे महिन्यात दोन दिवसांची उजळणी सक्तीची हवी.

दोन, गावातल्या आणि वॉर्डातल्या प्रशिक्षित माणसांची नावं ग्रामपंचायतीच्या आणि वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर रंगवा. आपल्या गावचा आपदा मित्र कोण, हे किती जणांना सांगता येईल?

तीन, वयाची १८ ते ४० ची अट सरकारी योजनेला राहू द्या, पण नाथसागरात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे भोई-कोळी बांधव या यादीबाहेर का? पाणी त्यांना कळतं. त्यांना प्रथमोपचार आणि जॅकेट द्या, आणि त्यांच्याकडून आपल्या पोरांना पाणी वाचायला शिकवा. किल्लारीच्या बायकांनी जे सिद्ध केलं ते हेच.

चार, मॉक ड्रिल. ७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत आपल्या शहराचं नाव होतं. भोंगे वाजले, व्हिडिओ फिरले, संपलं. असा सराव शाळेत, कंपनीत, सोसायटीत वर्षातून दोनदा व्हायला पैसा लागत नाही, कुणीतरी तारीख ठरवावी लागते.

मदतीचा ओघ येईलच. मराठवाड्याची माणसं देण्यात कधी कमी पडली नाहीत. पण ओघ दुसऱ्या दिवशी येतो. पहिल्या रात्री गल्लीत जो असेल तोच. आपल्या गल्लीत दोर बांधता येणारे, सीपीआर देता येणारे किती आहेत? आज जेवणानंतर शेजाऱ्यांना विचारा आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. शून्य असेल तरी लिहा. निदान आकडा तरी कळू दे, मग तो घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ.